कारण विचारायचे कोणाला?

विज्ञानात किंवा तंत्रज्ञानात नाव मिळवलेल्या एखाद्या स्त्रीचा सत्कार असला, की तिच्या उत्तराच्या भाषणात एक वाक्य हमखास येते : 'घरच्यांनी साथ दिली म्हणून मी इथवर पोहोचले.' बेळगावच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. अशी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. बोलणाऱ्यांतल्या काहीजणी माझ्याच वर्गात शिकून गेलेल्या होत्या. वाक्य खरे असते आणि मनापासून बोललेले असते. पण मी पुरुष शास्त्रज्ञांच्या सत्कारांनाही गेले आहे. तेही पत्नीचे आभार मानतात, कधी डोळ्यांत पाणी आणून मानतात. मात्र 'लग्नानंतरही मला काम करू दिले' म्हणून कोणा पुरुषाने सासरचे आभार मानल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या एका फरकावरून मला जो प्रश्न पडला, तो या लेखाचा विषय आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात स्त्रिया मागे का राहतात, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याहून वेगळा प्रश्न असा, की त्या क्षेत्रात स्वतः काम केलेल्या स्त्रिया या विषमतेचे कारण काय सांगतात, आणि त्या जे सांगतात ते न्याय्य असते का? 'खरे असते का' असे मी विचारत नाही. कारण खरे असूनही अन्याय्य असू शकते.

विषमता आहे की नाही, याबद्दल आता वाद घालण्यात अर्थ नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२०-२१ साली विज्ञान शाखेत मुलांपेक्षा मुलीच अधिक होत्या, सुमारे २९.८ लाख मुली आणि २७.४ लाख मुलगे. पण देशात संशोधनाचे काम प्रत्यक्ष करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचा वाटा २०१८ साली १६.६ टक्के होता. देशभरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा जिच्या हाताखाली चालतात ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ साली स्थापन झाली. तिला पहिली स्त्री महासंचालक, नल्लथंबी कलैसेल्वी, मिळाली ती २०२२ साली. राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ सालची. तिच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष चंद्रिमा शाहा २०२० साली झाल्या. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार पहिल्यांदा एका स्त्रीला, असीमा चॅटर्जींना, मिळाला १९६१ साली. दुसऱ्या स्त्रीला, अर्चना शर्मांना, तो मिळायला १९७५ साल उजाडले. वर्ग मुलींनी भरलेले आहेत आणि वरच्या खुर्च्यांवर त्या दिसत नाहीत. मधल्या वाटेवर त्या कुठे गेल्या, याचे काहीतरी कारण असलेच पाहिजे.

आता कारण सांगणे ही वरवर पाहता अगदी निरुपद्रवी गोष्ट वाटते. तशी ती नसते. आठवड्यातून एकदोनदाच पाणी येणाऱ्या गल्लीत राहिलेल्यांना हे लगेच पटेल. हंडे रिकामे राहिले, तर 'सुनेने नळाला भांडी लावायला उशीर केला' हेही कारण देता येते आणि 'वरून पाणी सोडलेच नाही' हेही देता येते. दोन्ही खरी असू शकतात. पण पहिले कारण धरले की बोलणी सुनेला बसतात, दुसरे धरले की अर्ज महानगरपालिकेकडे जातो. कारण सांगणे म्हणजे जबाबदारी कोणाची ते ठरवणे. म्हणून ते नीतीच्या प्रांतात येते.

माझ्या विद्यार्थिनींशी, सहकारी प्राध्यापिकांशी, बेंगळूर-पुण्याला इंजिनिअर झालेल्या मुलींशी इतकी वर्षे बोलताना मला चार कारणे पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाली. पहिले नशिबाचे : 'मी भाग्यवान, मला साथ मिळाली.' दुसरे निवडीचे : 'मीच ठरवले, मुले लहान होती.' तिसरे नकाराचे : 'मला तर कधी भेदभाव जाणवला नाही.' आणि चौथे गुणवत्तेचे : 'जिच्यात कुवत आहे ती पुढे जातेच.' या चारही कारणांत एक गोष्ट समान आहे. त्यांत संस्थेचे नाव कुठेच येत नाही. नोकरीचे नियम, बढतीच्या समित्या, बदल्या, संध्याकाळी सहाला ठेवलेल्या बैठका, यांपैकी कशालाच जाब विचारला जात नाही. जाब द्यायचा तो आपण, आपल्या घराने किंवा आपल्या दैवाने.

साथीचे कारण आधी पाहू. माझी एक विद्यार्थिनी बेंगळूरला संगणक क्षेत्रात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिचे मूल सासूबाईंनी वाढवले. त्यासाठी त्या धारवाडचे आपले घर, शेजार, भजनीमंडळ सोडून अकरा वर्षे परक्या शहरात चौथ्या मजल्यावर राहिल्या. विद्यार्थिनी हे कृतज्ञतेने सांगते आणि ते तिला शोभते. पण 'साथ' या गोड शब्दाखाली काय आहे ते पाहावे. एका स्त्रीची नोकरी टिकावी म्हणून दुसऱ्या स्त्रीने बिनपगारी नोकरी केली. कंपनीचा यात एक पैसा खर्च झाला नाही. पन्नास किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, असे प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ सालच्या दुरुस्तीने सांगितले. म्हणजे मूल सांभाळणे ही केवळ घरची भानगड नाही, कामाच्या ठिकाणचीही जबाबदारी आहे, हे कायद्याने मान्य केले आहे. आपण मात्र अजून त्याला नशीब म्हणतो. आणि जी गोष्ट नशिबाची ठरते, ती न मिळालेल्या बाईला कोणापाशी काही मागता येत नाही. जिची सासू आजारी, जिची आई लवकर गेली, जिचा नवरा फिरतीवर, तिने फक्त कपाळाला हात लावायचा.

दुसरे कारण निवडीचे, आणि ते अधिक अवघड आहे. कारण त्यात स्त्रीचा स्वाभिमान गुंतलेला असतो. 'मी सोडले' असे म्हणण्यात एक मान आहे. 'मला सोडावे लागले' म्हणण्यात तो नाही. तेव्हा एखादी बाई 'मी माझ्या मर्जीने घरी राहिले' असे म्हणते, तेव्हा तिला खोटे पाडायला जाणे उद्धटपणाचे होईल. पण निवड म्हणजे नेमके काय, याचा विचार फार जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात एक उदाहरण घेतले आहे. समुद्रात वादळ उठले आणि जहाज वाचवण्यासाठी माल पाण्यात फेकून दिला, तर ते कृत्य स्वेच्छेचे म्हणायचे की सक्तीचे? शांत समुद्रात कोणी शहाणा माणूस आपला माल फेकणार नाही. तरी वादळात फेकणारा हात त्याचाच असतो आणि निर्णयही त्याचाच. ॲरिस्टॉटलच्या मते अशी कृत्ये मिश्र असतात. ती करण्याच्या क्षणापुरती स्वेच्छेची, पण एरवी कोणीही न निवडण्यासारखी.

आपल्या बायकांच्या पुष्कळशा 'निवडी' अशा मिश्र आहेत. मला त्यात एकच भर घालावीशी वाटते. संसाराच्या जहाजात दोघांचा माल असतो. वादळ आले की, म्हणजे मूल आजारी पडले, बदलीचा हुकूम आला, सासऱ्यांना पक्षाघात झाला की, दरवेळी एकीचाच माल समुद्रात जातो, आणि जमिनीला लागल्यावर तिलाच विचारले जाते, 'तुझा माल कुठे गेला?' ती म्हणते, 'मीच टाकला.' हे खरेच असते. पण वादळाबद्दल आणि दुसऱ्याच्या कोरड्या राहिलेल्या मालाबद्दल कोणी काही विचारत नाही.

या ठिकाणी एका पाहणीचा उल्लेख करायला हवा. भारतीय विज्ञान अकादमी आणि बेंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी पीएच.डी. झालेल्या स्त्री-पुरुषांची पाहणी करून २०१० साली अहवाल काढला. तो तयार करणाऱ्यांत मूळच्या पुण्याच्या पदार्थवैज्ञानिक रोहिणी गोडबोले होत्या. २०२४ साली त्यांचे निधन झाले. स्त्रिया संशोधन सोडतात त्या घरासाठी, ही सर्वसाधारण समजूत. पण संशोधनाबाहेर राहिलेल्या अनेक स्त्रियांनी सांगितलेले कारण होते नोकरी न मिळाल्याचे. घर हे कारण सांगणाऱ्या त्यामानाने थोड्या निघाल्या. दुसरीकडे, संशोधनात टिकलेल्यांमध्ये अविवाहित राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण अविवाहित पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त आढळले. म्हणजे घराचा भार खोटा नाही. पण तेवढेच एक कारण सगळीकडे चिकटवून दिले, की ज्या निवडसमितीने तिला घेतले नाही ती समिती अलगद सुटते. 'बायकांना घर असते ना' हे वाक्य सहानुभूतीचे वाटते. बऱ्याचदा ती पळवाट असते.

तिसऱ्या कारणाकडे वळताना मला दोन स्त्रिया आठवतात. दोघी बेंगळूरच्या एकाच संस्थेत शिकल्या.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, इंदूरला जन्मलेल्या. दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या आलेल्या या मुलीने बेंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. ती परत फिरली नाही, रामन यांच्यापुढे जाऊन बसली. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, तिच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरात तिने आपले काम दाखवले आणि पुढे त्या संस्थेचे दार मुलींना उघडले. केंब्रिजला जाऊन १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते हे त्यांच्या संशोधनाने दाखवले. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर आणि गोरगरिबांच्या आहारातल्या पदार्थांवर काम केले. १९९८ साली त्या गेल्या. रामन थोर शास्त्रज्ञ असले तरी त्यांचे मन या बाबतीत संकुचित होते आणि आपल्याला दिलेली वागणूक हा अपमान होता, असे त्या उतारवयातही स्पष्ट सांगत.

दुसऱ्या ॲना मणी. १९१८ साली त्रावणकोरमध्ये जन्मलेल्या. १९४० साली त्या रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशगुणांवर संशोधन करायला आल्या. रात्र-रात्र काम करून त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले आणि प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण काय, तर एम.एस्सी. नाही. पुढे त्या हवामान खात्यात आल्या, पुण्याला हवामानयंत्रे देशातच बनवण्याचे काम त्यांनी उभे केले आणि उपमहासंचालक होऊन निवृत्त झाल्या. इतिहासकार आभा सूर यांनी त्यांची वृद्धपणी भेट घेतली, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मोठ्या विचार करायला लावणाऱ्या आहेत. रामन यांच्या प्रयोगशाळेत स्त्री-पुरुषांनी एकमेकांत मिसळलेले चालत नसे, त्यामुळे सहकाऱ्यांच्या गप्पाटप्पांतून जे शिकायला मिळते ते मुलींना मिळत नसे. यंत्र हाताळताना मुलीची बारीकशी चूक झाली, तरी काही पुरुष 'बायकांना जमत नाही' म्हणून लगेच गावभर करीत. हे सगळे सांगणाऱ्या ॲना मणी स्त्री असण्याचा आपल्या कामावर काही परिणाम झाला, हे मात्र मानायला तयार नव्हत्या. स्त्रिया आणि विज्ञान या विषयाचा एवढा गाजावाजा कशासाठी, असा त्यांचा सूर होता.

यांतली कोण बरोबर? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. ॲना मणींना आपण भोळ्या किंवा भित्र्या म्हणू लागलो, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. ज्या बाईने आयुष्यभर आपल्या कामाने ओळखले जावे म्हणून कष्ट घेतले, तिला 'बिचारी' हे लेबल नको असते. 'मी बळी नाही' असे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. पण हा अधिकार तिच्या स्वतःच्या आयुष्यापुरता आहे. तिची साक्ष पुढच्या मुलीविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली, की नीतीचा प्रश्न उभा राहतो. 'बघा, त्यांनी कधी तक्रार केली नाही, मग तुलाच काय होते?' हे वाक्य मी प्राध्यापकांच्या खोलीत ऐकले आहे. आणि ते म्हणणारे नेहमी पुरुषच होते असेही नाही.

न जाणवणे म्हणजे नसणे नव्हे, हे सीमाभागातल्या माणसाला फार सांगावे लागू नये. दोन भाषांच्या मुलखात आपण वाढलो. कचेरीतला अर्ज ज्या भाषेत छापलेला असतो, ती ज्याची मायबोली आहे त्याला तिथे काही अडचण आहे हेच दिसत नाही. तो वाईट माणूस नसतो, अर्ज त्याच्या मापाचा असतो एवढेच. ज्याला ती भाषा बेताची येते, तो हळूहळू सवय करून घेतो, शेजाऱ्याकडून भरून घेतो आणि एक दिवस म्हणू लागतो, 'आम्हाला काही त्रास नाही.' त्याचे म्हणणे खोटे नसते. त्रास अंगवळणी पडलेला असतो. विज्ञानसंस्थांचे नियमही असेच कोणाच्या तरी मापाने बेतलेले आहेत. पस्तिशीच्या आत मोठे काम करून दाखवावे, रात्री-बेरात्री प्रयोगशाळेत असावे, वर्ष-दोन वर्षे परदेशी राहून यावे, हे नियम लिहिताना कोणाच्या मनात स्त्रियांना वगळायचे होते असे नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो माणूस होता, त्याच्या घरी स्वयंपाक आपोआप होत होता.

बेंगळूरच्या बसमध्ये ऐकू येणारे 'स्वल्प ॲडजस्ट माडी' आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. जरा सरका, एवढाच त्याचा अर्थ. त्यात माणुसकी आहे. दोघांच्या बाकावर तिसरा त्यामुळेच बसतो. पण सरकणारे दरवेळी एकच माणूस असेल, तर ते अर्ध्या बाकावर येते, आणि पुढे पुढे त्याला आपण अर्धेच बसलो आहोत याचा विसर पडतो.

चौथे कारण गुणवत्तेचे. आयआयटीमध्ये मुली फार थोड्या आहेत म्हणून २०१८ सालापासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या गेल्या आणि त्यांचे प्रमाण २०२० सालापर्यंत वीस टक्क्यांवर नेण्याचे ठरले. मुलांच्या जागा त्यासाठी कमी केल्या नव्हत्या. तरी याला कडाडून विरोध करणाऱ्यांत माझ्या ओळखीच्या इंजिनिअर मुलीही होत्या. 'आम्ही स्वतःच्या हिमतीवर आलो, आता लोक आम्हालाही त्याच रांगेत धरतील,' अशी त्यांची व्यथा होती. ती मला समजते. पण प्रवेशपरीक्षेसाठी मुलाला कोट्याला किंवा हैदराबादला दोन वर्षे ठेवणारे आणि मुलीला 'इथेच बी.एस्सी. कर' म्हणणारे पालक मी माझ्या गल्लीत पाहिले आहेत. परीक्षा दोघांची एक होती, तयारी एक नव्हती. धावपटू दमलेला असताना त्याचा वेळ मोजला, तर घड्याळ खोटे बोलत नाही. पण तो आधी किती चालून आला हेही घड्याळ सांगत नाही. गुणवत्ता मोजू नये असे मला म्हणायचे नाही. पदार्थविज्ञान शिकवलेली बाई मोजमापाविरुद्ध कशी बोलेल? आपण काय मोजतो आणि काय सोडून देतो याची नोंद ठेवावी, हे मात्र प्रत्येक प्रयोगाच्या वहीत मी मुलांकडून लिहून घेत आले.

मग स्त्रियांनी ही कारणे देऊ नयेत का? असे सांगणारी मी कोण? शिवाय खरी गोष्ट बोलण्याचीही किंमत असते. बढतीच्या मुलाखतीत 'मला डावलले गेले' म्हणणारी बाई तक्रारखोर ठरते, आणि 'मुलांसाठी थांबले' म्हणणारी समंजस. जी गोष्ट बोलल्याने नुकसान होते ती माणसे हळूहळू बोलेनाशी होतात, आणि मग विचारही करेनाशी होतात. तेव्हा दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. मला खटकते ते दुसरेच. ही विषमता कशी आली हे आपण दरवेळी स्त्रियांनाच विचारतो. ज्यांच्या बाजूला पारडे झुकले आहे, त्या पुरुषांना आपण कधी विचारत नाही, की 'तुम्ही इतके पुढे कसे? मूल झाले तेव्हा तुमचा कोणता प्रयोग थांबला होता? सासू-सासऱ्यांच्या आजारपणात तुम्ही किती दिवस रजा काढली?' सत्कारसभेत हे प्रश्न विचारले, तर ते अडवणुकीसाठी आहेत असे वाटेल. मला ते शोधाचे प्रश्न वाटतात. प्रयोगाचे निकाल एका बाजूलाच झुकत असतील, तर दोन्ही बाजूंची वजने तपासायची असतात.

आपल्या सीमाभागातल्या घरांतून आता मुली मोठ्या संख्येने इंजिनिअर होत आहेत, संशोधनाला जात आहेत. हुबळी-बेळगावच्या गाड्यांमधून दर रविवारी रात्री बेंगळूरला परतणाऱ्या मुलींचे डबे भरलेले असतात. त्यांतल्या कोणी दहा वर्षांनी नोकरी सोडेल, तेव्हा ती आपल्याला काहीतरी कारण सांगेल. ते आपण मानाने ऐकून घ्यावे; तिच्या तोंडून दुसरे कारण वदवून घेण्याचा अट्टाहास करू नये. पण तिथेच थांबूही नये. तिच्या नवऱ्याला, तिच्या वरिष्ठांना आणि तिच्या संस्थेलाही तेच विचारावे, आणि चारही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. त्यांत आपलेही एक उत्तर असेल, कारण मुलाचा डबा भरताना आणि मुलीचा भरताना आपण वेगवेगळे काय सांगून पाठवले, हे आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते.